पाणी, पानी आणि शासकीय सेवकाची प्रतिमा

पालघर जिल्ह्यातील जव्हार आणि मोखाडा या डोंगराळ तालुक्यांत नव्याने रुजू झालेला शिक्षक, ग्रामसेवक किंवा वैद्यकीय अधिकारी कसा आहे, याचा निर्णय पाड्यावरील लोक त्याच्या पदवीवरून करीत नाहीत. त्यांच्या कानी पडते ते त्याचे बोलणे, आणि त्यावरूनच त्याची प्रतिमा आकार घेऊ लागते.

वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी अशा जमातींच्या या मुलखात घरोघरी बोली नांदतात. प्रमाण मराठी ही पुष्कळांना प्रथम शाळेत भेटलेली भाषा होय. त्यामुळे उच्चाराचा प्रश्न येथे दुहेरी बनतो. बाहेरून आलेला अधिकारी परका वाटतो, तर याच मातीतून शिकून वर आलेला सेवक वरिष्ठांना अल्पशिक्षित वाटतो.

यांपैकी दुसरा अन्याय अधिक खोल आहे. उत्तर कोकणातील अनेक बोलींत ‘ण’चा ‘न’ आणि ‘ळ’चा ‘ल’ होतो. एखादी स्थानिक परिचारिका बैठकीत ‘पानी’ म्हणाली की ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्यावर स्मित उमटते आणि तिने मांडलेल्या आकड्यांचे वजनही नकळत घटते. वास्तविक ‘पाणी’ हा शब्द संस्कृत ‘पानीय’वरून आला, ‘लोणी’ हा ‘नवनीता’वरून. दोहोंतही मूळ वर्ण ‘न’. त्याचा ‘ण’ केला तो प्राकृताने. ‘पानी’ म्हणणारा भाषा बिघडवितो, या समजुतीला भाषेच्या इतिहासात आधार नाही. प्रमाण उच्चाराला जो मान मिळाला तो शाळा, मुद्रण आणि कचेऱ्या यांच्यामुळे. टिपणी व आदेश प्रमाण मराठीत असावेत हे निर्विवाद. परंतु तो लेखनाचा नियम आहे, माणसाच्या योग्यतेचे माप नव्हे.

शब्दांच्या निवडीचे परिणाम मात्र प्रतिमेपुरते थांबत नाहीत. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील बालमृत्यूंनी सारे राज्य हादरले. तेव्हापासून ‘कुपोषण’, ‘श्रेणी’, ‘पूरक आहार’ हे शब्द पाड्यापाड्यांवर पोहोचले. अर्थ पोहोचलाच असे नाही. ‘बालक तीव्र कुपोषित श्रेणीत आहे’ असे ऐकविल्यावर आई मान डोलावते. हा होकार पुष्कळदा शिष्टाचाराचा असतो, समजल्याचा नव्हे. ‘बाळ वाळले आहे, दवाखान्यात ठेवावे लागेल’ असे म्हटले तर ती लगेच विचारते, ‘किती दिवस?’ संवाद येथे सुरू होतो. त्याचप्रमाणे ‘नाचणी’ऐवजी ‘नागली’ म्हणणारी सेविका घरातल्या अन्नाविषयी बोलत आहे, हे आईला वेगळे सांगावे लागत नाही.

म्हणून अधिकाऱ्याने बोलीची नक्कल करावी काय? मुळीच नाही. दोन दिवसांत उचललेले हेल थट्टेसारखे वाटतात. आपल्या स्वाभाविक उच्चारात, सावकाश, लहान वाक्यांत बोलावे आणि अडेल तेथे ‘याला तुमच्यात काय म्हणतात?’ असे विचारावे, एवढे पुरे. ज्याला विचारले त्याचा मान वाढतो आणि विचारणाऱ्याचाही कमी होत नाही. शिक्षकाच्या बाबतीत तर हा केवळ सौजन्याचा भाग नाही. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याच्या पुरेशा सोयी भाषिक अल्पसंख्य मुलांना मिळाव्यात, असे संविधानाचा अनुच्छेद ३५०-क सांगतो. २००९ च्या शिक्षण हक्क अधिनियमानेही, व्यवहार्य असेल तेथवर, मातृभाषेचाच आग्रह धरला आहे.

एक गोष्ट नवख्यास हमखास खटकते. येथील बोलींत आदरार्थी बहुवचनाचा प्रघात फारसा नाही. वृद्ध गृहस्थ तहसीलदारासही सहज ‘तू’ म्हणतो. देवालाही तो ‘तू’च म्हणतो. त्यात उर्मटपणा शोधणारा अधिकारी रागावतो आणि उलट त्याच वृद्धाला ‘तू’ म्हणतो. शब्द एकच, पण दुसऱ्या ‘तू’मध्ये खुर्ची बोलत असते, आणि समोरच्या माणसाला ती बरोबर ऐकू येते. मग पुढच्या ग्रामसभेत तो येतो, मागे बसतो, विचारले तर ‘हो’ म्हणतो आणि ठरावावर अंगठा उमटवून निघून जातो.