राहत्या घराची रुजुवात

अकोले तालुक्याच्या पश्चिम अंगाला, राजूर मागे टाकून भंडारदऱ्याच्या जलाशयाच्या दिशेने चालू लागले म्हणजे वस्ती विरळ होत जाते, आणि महसुली दप्तरात ज्याला ‘मौजे’ म्हणून एकच नाव आहे अशा गावाच्या वाड्या डोंगराच्या निरनिराळ्या सोंडांवर, एकीची हाक दुसरीला ऐकू जाणार नाही इतक्या अंतराने, विखुरलेल्या आढळतात. तेथील घरांना गल्ली नाही, रस्त्याचे नाव नाही. क्रमांक असलाच तर तो ग्रामपंचायतीच्या नमुना ८ च्या नोंदवहीत असतो, आणि घरात राहणाऱ्यालाही तो घरपट्टीची पावती काढून पाहिल्याखेरीज सांगता येत नाही. ठाकरवाडी या नावाच्या वस्त्या तर तालुक्यात एकाहून अधिक आहेत. इतके असूनही पत्र सहसा चुकत नाही, कारण ते पोहोचविणारा डाकसेवक पाकिटावरचे नाव वाचूनच वाट धरतो.

अशा मुलखातील माणसाला आपले राहते ठिकाण बँकेपुढे शाबीत करावे लागते तेव्हा काय घडते, हे अकोले येथील एका शाखेत, केवायसीच्या खिडकीजवळच्या बाकावर पुष्कळ वेळ बसून मी पाहिले. खिडकीपुढे जी गर्दी होती तिचे मूळ २०१४ सालात होते. त्या वर्षी २८ ऑगस्टला जनधन योजना सुरू झाली आणि ज्यांनी बँकेची पायरी कधी चढली नव्हती अशांची खाती निघाली. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे कमी जोखमीच्या खातेदाराची ओळख व पत्ता दर दहा वर्षांनी, मध्यम जोखमीच्या खातेदाराची आठ वर्षांनी आणि अधिक जोखमीच्या खातेदाराची दोन वर्षांनी पुन्हा पडताळावी लागते; त्यामुळे पहिल्या लाटेतील खात्यांची मुदत २०२४ पासून भरत आली. १ जुलै ते ३० सप्टेंबर २०२५ या काळात ग्रामपंचायतींत त्यासाठी शिबिरे भरविण्यात आली, परंतु कामाच्या शोधात नारायणगावकडे गेलेली, डोंगरात मोबाइलला रेंज न मिळाल्याने निरोपच न लागलेली अशी कितीतरी माणसे त्यातून राहून गेली. ‘खातं होल्डला पडलंय’ असे ही माणसे सांगतात तेव्हा त्या तीन शब्दांत दुधाचे पेमेंट, रोजगार हमीची मजुरी, निराधार योजनेचे पैसे आणि लाडक्या बहिणीचा हप्ता, असे घराचे सारे उत्पन्न अडकलेले असते.

रांगेत एक वृद्धा होती. पिशवीतून काढलेले पासबुक, आधारकार्ड, रेशनकार्ड आणि प्रत्येकाची झेरॉक्स तिने खिडकीच्या कडेवर एकेक करून मांडली. आधारकार्ड तिने लेकीकडे राहत असताना काढलेले, म्हणून त्यावरचा पत्ता तिकडचा.

“आजी, हा पत्ता जुन्नर तालुक्यातला आहे. इथल्या घराचं लाईट बिल आणलंय का?”

“आणलंय की, साहेब.”

“यावर नाव कुणाचं?”

“सासऱ्याचं. त्यांना जाऊन लई वर्सं झाली.”

“मग घरपट्टी?”

“ती थोरल्या दिराच्या नावावर.”

कारकुनाने बिल उलटसुलट करून पाहिले आणि ते हलकेच परत तिच्याकडे सरकवले. तो उद्धट नव्हता, आळशीही नव्हता. बिलाची तारीख दोन महिन्यांपलीकडची होती आणि रेशनकार्ड, जे तिने सर्वांत जपून, दोन घड्यांच्या रुमालात ठेवले होते, ते रिझर्व्ह बँकेच्या यादीत मुळी नाहीच. उद्या तपासणी अधिकाऱ्याने विचारले तर आपल्यापाशी दाखवायला काय आहे, हा त्याचा प्रश्न होता आणि त्याच्या जागी बसलेल्या कोणालाही तो पडला असता.

जमिनीच्या उताऱ्यावर वारसनोंद करून घेण्याची तत्परता आपल्याकडे आहे, कारण नोंद नसेल तर जमीन जाईल अशी धास्ती असते; विजेच्या मीटरवरचे नाव मात्र बिल भरले की पुरे म्हणून दोन-दोन पिढ्या तसेच राहते. याचा सर्वांत मोठा भार स्त्रीवर पडतो. माहेर सोडून आल्यापासून जे घर तिने सारवले, ज्याच्या कौलांची दुरुस्ती तिने दर वैशाखात करविली, त्या घराच्या एकाही दस्तऐवजावर तिचे नाव नसते. निळवंडे धरणाखाली ज्यांची घरे गेली त्यांची अडचण याहून विलक्षण आहे, कारण त्यांच्या जुन्या कागदांवरील पत्ता पाण्यात आहे.

नियम काय सांगतो हे आता पाहू. अवैध पैशाला आळा घालण्यासाठी २००२ साली संसदेने कायदा केला, तो १ जुलै २००५ पासून अंमलात आला. त्याच्या आधारे रिझर्व्ह बँकेने २५ फेब्रुवारी २०१६ रोजी केवायसीविषयी निदेश काढले व त्यांत वेळोवेळी दुरुस्त्या केल्या. पारपत्र, वाहन परवाना, आधार, मतदार ओळखपत्र, राष्ट्रीय लोकसंख्या नोंदवहीचे पत्र आणि राज्य शासनाच्या अधिकाऱ्याची सही असलेले रोजगार हमीचे जॉबकार्ड, ही सहा अधिकृत कागदपत्रे होत. शेवटचे जॉबकार्ड या तालुक्यातील अनेक घरांत ट्रंकेच्या तळाशी पडून आहे आणि बँकेत ते चालते याची वार्ता मालकाला नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. पत्ता बदललेला नसेल तर ‘माझ्या तपशिलात फरक नाही’ एवढे खातेदाराचे स्वयंघोषणापत्र पुरेसे आहे. केवळ पत्ता बदलला असेल तरी नव्या पत्त्याचे स्वयंघोषणापत्र घ्यावयाचे, आणि दोन महिन्यांच्या आत बँकेने पत्र धाडून अथवा माणूस पाठवून त्याची खातरजमा करावयाची. जून २०२५ च्या दुरुस्तीने तर ही घोषणापत्रे गावातील बँकमित्राने स्वीकारण्यासही परवानगी दिली. पुराव्याची प्रत मागण्याची मुभा बँकेला आहे, हे खरे. परंतु जी मुभा म्हणून ठेवली ती खिडकीवर सक्ती म्हणून वापरली जाते, आणि खातरजमेचे जे काम नियमाने बँकेवर टाकले ते ओझे पिशवी घेऊन डोंगर उतरलेल्या म्हातारीच्या शिरावर येते.

कागद हद्दपार होत चालल्याने ही अडचण उणावण्याऐवजी वाढली आहे. महावितरण कागदी बिल नाकारणाऱ्या ग्राहकाला दर बिलामागे १० रुपयांची सूट देते. ती घेणाऱ्या तरुणाने बँकेत मोबाइलवरचे बिल दाखवले की ‘ओरिजिनल आणा’ असे उत्तर मिळते, मग सेतू केंद्रात पैसे देऊन त्याच बिलाची छापील प्रत निघते आणि ती ओरिजिनल ठरते. त्यात जिल्ह्याचे नाव ऑक्टोबर २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले, म्हणून एका कागदावर जुने व दुसऱ्यावर नवे नाव पाहून कोणी शंका काढतो. तर जनगणनेच्या इंग्रजी तक्त्यांत हा तालुका ‘अकोला’ असा छापला गेल्याने संगणकाच्या यादीत विदर्भातील अकोल्याशी त्याची गल्लत होते.

ही गल्लत टाळणारी व्यवस्था अर्धशतकापूर्वी एका मराठी माणसानेच घालून दिली आहे. संस्कृतचे पंडित आणि टपाल खात्यातील ज्येष्ठ अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांची पिनकोड पद्धती १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली, आणि ४२२६०१ एवढे सहा अंक लिहिले की पत्र विदर्भात न जाता प्रवरेकाठी येते. मे २०२५ मध्ये टपाल खात्याने डिजिपिन आणला. त्याने देशातील सुमारे चार मीटर लांबी-रुंदीच्या प्रत्येक चौकोनाला दहा अक्षरांचा संकेत मिळाला आणि डोंगरावरचे एकाकी खोपटही आता अचूक दाखवता येते. मला याचे मनापासून अप्रूप वाटते. परंतु त्या चौकोनात कोण राहते हे सांगण्याचे काम शेजाऱ्याचे, पोलीस पाटलाचे, डाकसेवकाचे राहतेच. पूर्वी खाते उघडताना जुन्या खातेदाराची ओळख लागे. ती अट रिझर्व्ह बँकेने योग्य कारणाने काढली, कारण ओळख नसलेला गरीब तीमुळे बाहेर राही. पण गावाला असलेली माहिती मुळातच निरुपयोगी आहे असा त्याचा अर्थ नव्हता, आणि माणूस पाठवून खातरजमा करण्याची तरतूद या माहितीसाठीच आहे.

बँकांनी स्वयंघोषणापत्राचा मराठी नमुना खिडकीपाशी ठळकपणे लावावा आणि दाराशी जाऊन खातरजमा करण्याचे काम बँकमित्राला मेहनताना देऊन सोपवावे. खातेदारांनी, विशेषतः घरातील आयाबहिणींचे कागद सांभाळणाऱ्या लेकीसुनांनी, आधी स्वयंघोषणापत्र पुढे करावे. ते नाकारले तर नकार लेखी मागावा, बँकेकडे तक्रार नोंदवून तिची पोच घ्यावी, आणि तीस दिवसांत निकाल लागला नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे. त्याची माहिती १४४४८ या क्रमांकावर मिळते.