सदा घाट चढणारं इंजिन

मच्छीमार बोटीचं इंजिन सुरू झालं की तांडेल आधी घड्याळाकडे बघत नाही. कडेला उभ्या असलेल्या खलाशाला तो ओरडून विचारतो, "पाणी मारतंय ना?" खलाशी ओणवून बघतो. बोटीच्या बाजूला पाण्याची धार पडत असली की दोर सुटतो. इंजिन गार करून बाहेर पडणाऱ्या पाण्याची ही धार म्हणजे इंजिनाची नाडी. रस्त्यावरच्या इंजिनाला ती नसते. गाडीचं किंवा ट्रकचं इंजिन बोटीत बसवायचं म्हणजे मुख्यतः ही नाडी त्याला जोडायची, आणि सव्वाशे वर्षांहून अधिक काळ मिस्त्री लोकांचा घाम त्याच कामात गळत आलाय.

गाडी आधी आली आणि बोटीने तिचं इंजिन मागाहून उसनं घेतलं, असा आपला समज असतो. खरं तर दोघी एकाच वर्षाच्या. गॉटलीब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख यांनी जर्मनीतल्या कानश्टाटमध्ये एक उभट, छोटं पेट्रोल इंजिन केलं होतं. दिसायला ते जुन्या लंबकाच्या घड्याळासारखं, म्हणून लोकांनी त्याला 'आजोबांचं घड्याळ' असंच नाव ठेवलं. हे इंजिन 1886 मध्ये घोडागाडीत बसलं आणि त्याच वर्षी नेकार नदीवरच्या साडेचार मीटरच्या होडीतही. होडीचा वेग ताशी साधारण 11 किलोमीटर. गिऱ्हाइकांना मात्र पोटाखाली पेट्रोल घेऊन बसायची धास्ती होती. म्हणून डाइमलरने होडीला तारा आणि चिनी मातीच्या खुंट्या लावून ती विजेवर चालते असं भासवलं, असं सांगतात. विक्रेत्याची ही चतुराई सोडली तर लोकांची भीती काही खोटी नव्हती. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. गाडीखालून ती वाऱ्यावर निघून जाते, बोटीत मात्र तळाशी साचून राहते आणि स्टार्टरच्या एका ठिणगीची वाट बघते. म्हणून आजही बंदिस्त पेट्रोल बोटीत स्टार्टर मारण्याआधी किमान चार मिनिटं पंखा लावून तळातली हवा बाहेर काढायची असते.

जुगाडाला खरा बहर आला तो फोर्डच्या मॉडेल टी मुळे. 1908 ते 1927 या काळात अशा दीड कोटी गाड्या निघाल्या. गाडीचा सांगाडा गंजला तरी 20 अश्वशक्तीचं इंजिन शाबूत असायचं आणि मातीमोल भावात मिळायचं. ते बोटीत बसवण्यासाठी सुट्या भागांचे संच अमेरिकेत विकले जाऊ लागले. आता गंमत अशी की बहुतेक मॉडेल टी ना पाण्याचा पंपच नव्हता. गरम पाणी आपोआप वर चढायचं, रेडिएटरमध्ये निवून खाली उतरायचं. बोटीत समोरून वारा नाही, म्हणजे रेडिएटर निरुपयोगी. मग पंप लावून बाहेरचंच पाणी इंजिनात फिरवायचं.

नदीत किंवा तळ्यात हे निभतं. समुद्राच्या एका लिटर पाण्यात मात्र सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. इंजिन फार तापलं तर आतल्या वाटांत क्षारांचा थर धरतो, आणि थर धरू नये म्हणून इंजिन गार ठेवलं तर ते नीट जळत नाही, तेल काळं पडतं. यावर तोडगा निघाला तो कूलरचा. इंजिनात गोडं पाणीच फिरतं, ते तांबं-निकेलच्या बारीक नळ्यांच्या बाहेरून जातं आणि नळ्यांच्या आतून खारं पाणी वाहतं. दोन पाणी एकमेकांना न शिवता उष्णतेची देवघेव करतात. वर जस्ताचा एक तुकडा लावायचा, म्हणजे गंज आधी त्याला खातो. हेच खारं पाणी पुढे एक्झॉस्टच्या नळीत सोडलं की धूर निवतो आणि रबरी होजही चालते. पण ती नळी आधी कमानीसारखी वर नेऊन मग खाली आणली नाही, तर बंद इंजिनात पाणी उलटं शिरतं आणि पिस्टन जागीच जाम.

याहून मोठा फरक डोळ्याला दिसत नाही. गाडी सपाट रस्त्यावर धावताना इंजिनाची थोडीच ताकद खाते. उतारावर तर पाय काढून निवांत बसता येतं. बोटीला उतार नाही. पाणी सतत अडवत असतं आणि बोट ढकलणाऱ्या पंख्याची भूक फेऱ्यांच्या घनाच्या हिशेबाने वाढते: फेरे दुप्पट केले तर ताकद आठपट लागते. बोटीचं इंजिन सकाळपासून संध्याकाळपर्यंत कशेडी घाटच चढत असतं म्हणा ना. म्हणून ट्रकचं इंजिन बोटीत बसवताना त्याची छापील अश्वशक्ती मुद्दाम उतरवतात. कित्येक हौशी लोक नेमकं इथेच फसतात, कारण कमी ताकदीला तेवढेच पैसे मोजायला मन तयार होत नाही.

हे सगळं काम घाऊक प्रमाणात झालं ते दुसऱ्या महायुद्धात. न्यू ऑर्लिन्सचा बोट-कारखानदार अँड्र्यू हिगिन्स याच्या, सैनिक किनाऱ्यावर उतरवणाऱ्या 36 फुटी बोटींना 225 अश्वशक्तीचं डिझेल इंजिन बसवलं होतं. त्याचं मूळ होतं जनरल मोटर्सचं, ट्रक आणि बसमध्ये चालणारं 6-71, म्हणजे 71 घनइंचाची सहा सिलिंडर. ग्रे मरिन या कंपनीने त्याला समुद्राचा पोशाख चढवला. 6 जून 1944 ला नॉर्मंडीच्या वाळूत सैनिक उतरले ते या बसच्या भावंडाच्या जोरावर. पुढे 1959 मध्ये व्होल्वो पेंटाने इंजिन आत आणि पंख्याचा पाय बोटीच्या मागे लोंबता, अशी रचना बाजारात आणली. तेव्हापासून मोटारीची इंजिनं हौशी बोटींत सर्रास दिसू लागली.

आपल्या किनाऱ्यावर हौसेचा प्रश्न नव्हता. शिडं उतरली तशी डिझेलची धडधड आली, आणि ट्रकच्या कुळातलं लेलँडचं सहा सिलिंडरही आलं. इंजिनाने बोटीची ओळखच बदलली. कोणाची बोट केवढी, हे आता फुटांत कमी आणि 'दोन सिलिंडर', 'चार सिलिंडर', 'सहा सिलिंडर' असंच जास्त सांगतात. सरकारी मदतीच्या याद्याही त्याच मापाने लागल्या आहेत.

रत्नागिरीजवळच्या एका खाडीत अशाच एका चार सिलिंडरवर मी एकदा अडकलो होतो. धार बारीक होत होत थांबली. तांडेलाने इंजिन बंद केलं, नांगर टाकला आणि पंपाचं झाकण खोललं. आत रबराचं फुलासारखं चाक, सहापैकी तीन पाकळ्या गायब. नवीन चाक डब्यात होतं, ते त्याने पाच मिनिटांत बसवलं. मला वाटलं झालं. पण तो कूलरची नळी सोडवून तारेने आत कोरत बसला. एक पाकळी निघाली, मग दुसरी. तिसरीसाठी अर्धा तास गेला, भरती सरली. "ती आत राहिली तर परत इथेच यायचं आपण," एवढंच तो म्हणाला.

या मिस्त्रीगिरीपुढे आता वेगळीच अडचण आहे. 2020 च्या एप्रिलपासून वाहनांच्या धुराचा बीएस-6 नियम आला आणि नव्या ट्रकच्या इंजिनाभोवती संगणक, सेन्सर आणि धूर गाळणारी यंत्रणा यांचं जाळं विणलं गेलं. असं इंजिन काढून बोटीत ठेवलं तर त्याचा संगणक नसलेल्या चाकांचा वेग विचारत बसतो. म्हणून मालक भंगारवाल्याकडे जुनं इंजिन शोधतात. लोखंडी पंप, हाताने जुळवायचं टायमिंग, ब्लॉकला तडा नाही ना हे ठोकून बघायचं. भाव ठरण्याआधी एकच अट घातली जाते: "कॉम्प्युटरवालं नको हां."