दुर्बिणीला न दिसणारा आतड्याचा दाह

पन्नाशी-साठी उलटलेल्या स्त्रीला आठवडेच्या आठवडे पाण्यासारखे जुलाब होतात; रक्त पडत नाही, तापही नसतो. आपल्याकडे आमांश व आतड्याचा क्षय यांची शंका आधी घेतली जाते, आणि ते योग्यच होय. परंतु दुर्बिणीतून मोठे आतडे निरोगी दिसले की ‘मनाचा परिणाम’ म्हणून तिची बोळवण होते, ती मात्र घाईची ठरते. सूक्ष्मदर्शी बृहदांत्रदाहाची खूण नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. अस्तराचे बारीक तुकडे काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागतात. स्वीडनमधील लिंडस्ट्रॉम यांनी १९७६ मध्ये अशाच तपासणीतून अस्तराखालील कोलॅजन या तंतुमय प्रथिनाचा जाड पट्टा दाखवून दिला. या रुग्णांत तो १० मायक्रोमीटरहून जाड भरतो. दुसऱ्या प्रकारात पट्टा जाड नसतो; अस्तराच्या दर १०० पेशींमागे २० किंवा अधिक लिंफोसाइट पेशी शिरलेल्या आढळतात.

सांधेदुखीवरील काही वेदनाशामके आणि आम्लपित्तावरील ओमेप्राझोलसारखी औषधे यांच्याशी या विकाराचा संबंध आढळला आहे. म्हणून रुग्ण घेत असलेली प्रत्येक गोळी डॉक्टरांना सांगणे अगत्याचे आहे. ब्युडेसोनाइड या औषधाने बहुतेकांना आराम पडतो. ते थांबविल्यावर मात्र त्रास पुन्हा उद्भवू शकतो.