बाळाची बेंबी

मूल नऊ महिने आईच्या पोटात असते. तिथे ते तोंडाने खात नाही, नाकाने श्वास घेत नाही. मग ते वाढते कसे? नाळेमुळे. नाळेचे एक टोक बाळाच्या बेंबीला असते, दुसरे वारेला. नाळेत तीन नळ्या असतात. एका नळीतून पोषण बाळाकडे येते. दोन नळ्यांतून बाळाचे रक्त परत वारेकडे जाते.

मूल जन्मले, की नाळेचे काम संपले. मग नाळ बांधतात व कापतात. बाळाला ते दुखत नाही. बेंबीला छोटा देठ राहतो. तो वाळतो, काळा पडतो आणि आठ-पंधरा दिवसांत आपोआप गळतो.

पण ध्यानात ठेवा. देठ गळून जागा भरेपर्यंत ती जखमच असते. त्या वाटेने रोगाचे जंतू थेट रक्तात शिरू शकतात. दार उघडे राहिले, तर चोर आत येणारच.

कोणी बेंबीवर राख लावतात, कोणी शेण, कोणी हळद-तेल. घरातल्या म्हाताऱ्या म्हणतात, "आमची पोरं नाही का जगली?" त्यांची माया खरी आहे. पण जी जगली ती डोळ्यांपुढे आहेत. जी गेली ती कशी दिसणार?

शेणात आणि मातीत धनुर्वाताचे जंतू असतात. गंजक्या विळ्याने नाळ कापली, वर शेण लावले, की ते आत शिरतात. बाळ पहिले दोन दिवस चांगले दूध पिते. मग एकाएकी त्याचे तोंड उघडेनासे होते. अंग धनुष्यासारखे ताठते. लोक म्हणत, "नजर लागली." नजर नव्हे, तो धनुर्वात.

गरोदर बायांना लस मिळू लागली, दवाखान्यात बाळंतपणे होऊ लागली, आणि हा रोग हटला. 2015 साली भारतात प्रत्येक जिल्ह्यात त्याचे प्रमाण हजार जन्मांमागे एकाहून खाली आले. तरी जंतू मातीत आहेतच. काळजी सुटली, तर रोग परत येईल.

मग काय करावे?

गरोदरपणी धनुर्वाताची लस वेळेवर टोचून घ्यावी. तिचा गुण पोटातल्या बाळालाही मिळतो. बाळंतपण दवाखान्यात करावे.

बाळाला हात लावण्याआधी साबणाने हात धुवावे. बेंबी कोरडी व उघडी ठेवावी. लंगोट बेंबीच्या खाली बांधावा. देठाला घाण लागली, तर स्वच्छ पाण्याने धुऊन स्वच्छ फडक्याने टिपावे. डॉक्टरांनी सांगितल्यावाचून काही लावू नये. देठ ओढून काढू नये.

बेंबीभोवती लाली किंवा सूज आली, पू किंवा घाण वास आला, रक्त थांबेना, तर लगेच दवाखाना गाठा. बाळ दूध ओढीना, मलूल पडले, अंग तापले किंवा गार पडले, तर एक रात्रही थांबू नका. 108 नंबरला फोन करा. सरकारी दवाखान्यात तान्ह्या बाळाला उपचार फुकट मिळतात. आशाताई घरी येतात, त्यांना बेंबी दाखवा.

काही बाळांची बेंबी रडताना फुगते. बेंबीखालचा स्नायू पुरता जुळलेला नसतो, म्हणून असे होते. बहुतेकांची चार-पाच वर्षांत आपोआप बसते. वर रुपया बांधून काही होत नाही. उलट कातडी सोलते. मात्र फुगलेली बेंबी कडक झाली, दुखू लागली, बाळ ओकू लागले, तर आतडे अडकलेले असू शकते. तेव्हा डॉक्टरांकडे धावावे.

मोठ्यांनीही अंघोळीत बेंबी धुवावी व पुसून कोरडी करावी. मळ आणि ओल साचली, की तिथे खाज सुटते, पू होतो.

बाळाच्या बेंबीला महागडे औषध लागत नाही. स्वच्छ हात, स्वच्छ पाते, स्वच्छ दोरा आणि कोरडी बेंबी. एवढे सांभाळले, की दार बंद झाले.