कार्गो पँट घेताना खिसे मोजू नका, आसन बघा

मांडीवर खिसे असलेली पँट नांदेड-लातूरकडे आता सगळीकडे दिसते. भरतीची तयारी करणारी पोरं ती घालतात, पंचनाम्याला बांधाबांधाने फिरणारे कर्मचारी घालतात, खांबावर चढणारे लाइनमन घालतात. किनवट-माहूरच्या जंगलात पक्षी बघायला जाणारे आणि कंधार, औसा, उदगीरचे किल्ले पायी हिंडणारेही तीच घालतात. रानात वावरणाऱ्याला ही पँट खरोखर कामाची आहे. पण ती घेताना बहुतेक जण रंग, खिसे आणि नाव बघतात. मग हंगाम संपायच्या आत ती आसनात उसवते, नाहीतर मे महिन्यात अंगावर नकोशी होते.

आपलं रान वेगळं आहे. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो. काळी माती कोरडी असली की चेनच्या दातांत बसते आणि ओली झाली की पायाला ढेकळं चिकटतात. बोर-बाभळीचे काटे, तुरीची धसकटं, कुसळ आणि गोखरू वर्षातले बरेच महिने वाटेत असतात. पँट या रानाला टिकली पाहिजे. तिच्याबद्दलचे काही पक्के बसलेले गैरसमज म्हणूनच एकेक करून तपासू.

गैरसमज १ : जेवढं जाड कापड, तेवढी पँट टिकाऊ

वस्तुस्थिती : जाडी आणि मजबुती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कापडाचं वजन जीएसएममध्ये, म्हणजे एका चौरस मीटरला किती ग्रॅम, असं मोजतात. नेहमीची जाड जीन्स ४०० जीएसएमच्या आसपास किंवा त्याहून वर असते. ती टिकते खरी, पण घामाने जड होते, गुडघ्याला अडते आणि पावसात भिजली की लवकर वाळत नाही. आपल्या उन्हाळ्याला २०० ते २४० जीएसएमचं घट्ट विणीचं कापड पुरतं. काट्याकुट्यातलं काम जास्त असेल तर २५० ते २८० घ्यावं.

मजबुती येते ती सूत आणि वीण यांतून. तिरप्या रेघांची ट्विल वीण घासणीला चांगली टिकते. बारीक चौकडी दिसणारं रिपस्टॉप कापड दुसऱ्या महायुद्धात पॅराशूटसाठी पुढे आलं. त्यात ठरावीक अंतरावर जाड धागे विणलेले असतात. काट्याने भोक पडलं तरी फाट त्या धाग्यापाशी थांबते, पुढे टरकत जात नाही. बाभळीच्या रानात हा गुण जाडीपेक्षा मोलाचा आहे.

कापड पारखायची शिस्त आपल्याकडे नवी नाही. नांदेडची मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती राष्ट्रध्वज बनवते आणि त्याची खादी उदगीरच्या केंद्रात विणली जाते. हाताला जाड लागलं म्हणून ध्वजाचं कापड पास होत नाही. धाग्यांची संख्या, वजन, ताकद आणि रंगाचा पक्केपणा भारतीय मानकाप्रमाणे तपासावा लागतो. दुकानात आपल्याकडे प्रयोगशाळा नसते, पण कापड उजेडासमोर धरता येतं. वीण विरळ असेल तर उजेड आरपार दिसतो आणि मग ते कापड हाताला कितीही कडक लागलं तरी उपयोगाचं नसतं. कारण तो कडकपणा पुष्कळदा खळीचा असतो आणि दोन धुण्यांत निघून जातो.

गैरसमज २ : उन्हाळ्यात शंभर टक्के सुतीच हवं, मिसळ म्हणजे फसवणूक

वस्तुस्थिती : सुती कापड घाम शोषतं म्हणून अंगाला बरं वाटतं, हे खरंच आहे. नेहमीच्या हवेत कापूस स्वतःच्या वजनाच्या सुमारे ८.५ टक्के ओल धरतो. पॉलिस्टर जेमतेम ०.४ टक्के धरतं आणि नायलॉन ४ टक्क्यांच्या आसपास. पण जो धागा ओल धरतो, तो ती लवकर सोडतही नाही. पावसाळ्यात सहस्रकुंडाकडे किंवा पैनगंगेच्या काठच्या जंगलात दिवसभर फिरणाऱ्याची शुद्ध सुती पँट संध्याकाळपर्यंत ओलीच राहते आणि मांड्या सोलवटतात.

म्हणून रानात वावरायला मिसळीचं कापड चालतं, बऱ्याचदा तेच बरं पडतं. भारतीय लष्कराने २०२२ च्या सेनादिनी, १५ जानेवारीला, नवा लढाऊ गणवेश दाखवला. त्याचं कापड ७० टक्के सुती आणि ३० टक्के पॉलिस्टर आहे. उन्हाळ्यात वावरणाऱ्याने साधारण याच प्रमाणाच्या जवळपास राहावं. पावसाळ्यातल्या भटकंतीला नायलॉनचा वाटा वाढला तरी हरकत नाही.

एका ठिकाणी मात्र सुतीच घालावं. चूल, वेल्डिंग, गुऱ्हाळ, काडीकचरा जाळणं अशा विस्तवाजवळच्या कामात पॉलिस्टर-नायलॉन जळण्याआधी वितळतं आणि कातडीला चिकटतं. लेबलवर भरवसा नसेल तर आतल्या शिवणीतला सुटा धागा काढून घरी जाळून बघा. सुती धाग्याला जळक्या कागदाचा वास येतो आणि मऊ राख उरते. कृत्रिम धाग्याची टणक गुठळी होते.

गैरसमज ३ : चांगलं कापड घेतलं की पँट टिकलीच

वस्तुस्थिती : पँट कापडात फाटण्याआधी शिवणीत जाते आणि ती जागा बहुतेकदा आसन असते. साध्या पँटमध्ये चार शिवणी तिथे एका बिंदूत येऊन मिळतात. आपण उकिडवे बसतो, बांध ओलांडतो, मोटारसायकलवर टांग टाकतो, तेव्हा सगळा ताण त्या एका बिंदूवर येतो.

याला उपाय म्हणजे आसनात बसवलेली कळी. हा शंकरपाळीच्या आकाराचा वेगळा तुकडा चार शिवणींना एकत्र येऊ देत नाही, ताण वाटून देतो आणि पाय मोकळा उचलू देतो. मराठवाड्यातला शेतकरी पिढ्यान् पिढ्या धोतर नेसून नांगरामागे चालला, त्यात हा प्रश्नच नव्हता, कारण धोतराला आसनाची शिवणच नसते. पँट घातली की ती मोकळीक कळीतून परत मिळवावी लागते.

कळीनंतर टीप बघा. पँट उलटी करा. आसनाला आणि पायांच्या आतल्या बाजूला दुहेरी किंवा तिहेरी टीप हवी, कापडाच्या कडा दुमडून आत घेतलेल्या हव्यात. खिशाच्या कोपऱ्यांना, पट्ट्याच्या लूपांना आणि चेनच्या तळाशी दाट आडवी टीप, म्हणजे बारटॅक, असायला हवा. गुडघ्यावर दुहेरी कापड असेल तर फारच चांगलं. ही तपासणी दोन मिनिटांची आहे, आणि ती केल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

गैरसमज ४ : अंगाला बसणारी, ताणली जाणारी पँट जास्त आरामाची

वस्तुस्थिती : थोडा ताण बरा असतो. लेबलवर दोन-तीन टक्के इलास्टेन, म्हणजे आपण म्हणतो ती लायक्रा, असेल तर हालचाल सोपी होते. प्रमाण फार वाढलं की गुडघे फुगतात, कुसळ रुतून धागे ओढले जातात आणि कडक उन्हात, ब्लीचमध्ये, गरम इस्त्रीखाली ताण लवकर मरतो.

उन्हात आराम देते ती सैल पँट. काळा रंग तापतो, मग वाळवंटातले बेदुईन काळे झगे का घालतात, यावर १९८० साली ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत एक अभ्यास छापून आला. काळा झगा जास्त ऊन शोषतो, पण तो सैल असल्याने आत हवा खेळते आणि कातडीपर्यंत पोचणारी उष्णता काळ्या आणि पांढऱ्या झग्यात सारखीच राहते, असं त्यात आढळलं. आपल्या पँटसाठी यातून घ्यायची गोष्ट एवढीच की हवा खेळायला जागा ठेवा. मांडीवर कापड चिमटीत धरून दोन-तीन बोटं बाहेर ओढता आलं पाहिजे. घट्ट पँटमध्ये मात्र काळा रंग टाळलेलाच बरा. खाकी, मातकट किंवा राखी रंग धूळही लपवतो.

गैरसमज ५ : जितके खिसे जास्त, तितकी पँट कामाची

वस्तुस्थिती : मांडीवरचा मोठा खिसा ब्रिटिश सैन्याच्या १९३८ च्या सुमाराच्या गणवेशात नकाशा ठेवायला आला. १९४२ मध्ये अमेरिकी छत्रीधारी सैनिकांच्या पँटला दारूगोळा आणि शिधा नेण्यासाठी मोठे खिसे लागले. त्यांना उडी मारताना पाठीवर जास्त ओझं नेता येत नव्हतं. आपली गरज तशी नाही. मांडीवरचं ओझं प्रत्येक पावलाला हेलकावतं, पाय दमवतं आणि शिवण ओढतं.

मांडीला दोन खिसे पुरतात. ते मांडीच्या बाजूला, गुडघ्याच्या बऱ्याच वर असावेत, म्हणजे बसल्यावर त्यातलं सामान टोचत नाही. झाकणाला बटण किंवा चेन बघा, व्हेलक्रो नको. व्हेलक्रोची कल्पना जॉर्ज द मेस्त्राल या स्विस अभियंत्याला कुत्र्याच्या केसांत अडकलेल्या काटेरी फळांवरून सुचली. तशीच फळं, आपलं गोखरू, आणि कुसळ त्याच आकड्यांत जाऊन बसतात. एका हंगामात व्हेलक्रो निकामी होतो. शिवाय तो उघडल्याच्या आवाजाने पक्षीही उडून जातात.

गैरसमज ६ : टॅक्टिकल पँट म्हणजे लष्करी छापाची पँट

वस्तुस्थिती : आज जिला टॅक्टिकल पँट म्हणतात, तिचं मूळ कडे चढणाऱ्यांकडे आहे. अमेरिकी गिर्यारोहक रॉयल रॉबिन्स यांच्या कंपनीची चढाईची पँट एफबीआयच्या प्रशिक्षणार्थींनी उचलली आणि तिथून ती पोलिसांकडे पसरली. ‘५.११’ हे त्या पँटचं नावही चढाईच्या अवघडपणाच्या श्रेणीवरून आलं.

आपल्याकडे चाकूरला सीमा सुरक्षा दलाचं आणि मुदखेडला केंद्रीय राखीव पोलीस दलाचं प्रशिक्षण केंद्र आहे. गावागावांतून पोरं भरतीला जातात. त्यामुळे चट्ट्यापट्ट्यांच्या छापाचं आकर्षण असणं समजण्यासारखं आहे. पण लष्कराने नव्या गणवेशाच्या नक्षीची रीतसर नोंदणी केली आहे, ती परवानगीशिवाय बनवता-विकता येत नाही. सैनिक असल्याचं भासवायच्या हेतूने त्यांच्यासारखा पोशाख घालणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ खाली गुन्हा आहे. त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद, दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. ज्या पोराला वर्दी कमवायची आहे, त्याने ती मिळेपर्यंत साधी खाकी किंवा राखी पँट घालावी. धावण्याच्या सरावाला तर कार्गो नकोच, हलकी ट्रॅक किंवा शॉर्ट घालावी.

गैरसमज ७ : जाड कार्गो घातली की सापाचं भय नाही

वस्तुस्थिती : हा गैरसमज जिवावर बेतणारा आहे. कुठलीही नेहमीची पँट सर्पदंश थांबवेल असं धरून चालू नका. घोणसीचे दात लांब असतात आणि शेतातले बहुतेक दंश पावलाला, घोट्याला होतात. तिथे पँट नसतेच. सोयाबीन-उसात शिरताना गमबूट घाला, हातात काठी ठेवा, अंधारात बॅटरी घ्या. दंश झाला तर बांधणं, चिरणं, मंत्र-जडीबुटी यात वेळ घालवू नका. थेट दवाखाना गाठा, प्रतिविष तिथेच मिळतं.

दुकानात काय कराल?

पँट घालून पूर्ण उकिडवे बसा. एक पाय खुर्चीवर ठेवा. पाठीमागे कंबर खाली ओढली जात असेल किंवा आसनात काच बसत असेल तर ती पँट तुमची नव्हे, भाव कितीही उतरलेला असो. चेन दहा वेळा वर-खाली करा, घट्ट वाटली तर सोडून द्या, कारण काळ्या मातीची धूळ तिला आणखी घट्ट करणार आहे.

तयार मालात मनासारखी मिळाली नाही तर शिंप्याकडे जा. कापड तुम्ही निवडा. आसनात कळी, आतून दुहेरी टीप, गुडघ्याला जोडकापड आणि शिवणीत भरपूर माया, एवढं त्याला स्पष्ट सांगा. माया असली की पुढे कंबर सैल करता येते, उसवलेलं पुन्हा शिवता येतं. धुताना पँट उलटी करा, चेन लावून घ्या आणि सावलीत वाळत घाला.

दिवसभर रानात राबणाऱ्याच्या अंगावरचा कपडा हे त्याचं अवजारच आहे. विळा घेताना आपण धार बघतो, मूठ बघतो, मग पैसे देतो. पँट घेतानाही तसंच, आधी आसन आणि टीप बघावी. रंग आणि खिसे त्यानंतर.