वाणी कठोर, की कान परका?

‘त्या भागातली माणसे मुळातच उर्मट!’ हे वाक्य आपण कितीदा तरी ऐकलेले असते, क्वचित उच्चारलेलेही असते. कोल्हापूरकराचे बोलणे पुणेकराला रांगडे वाटते, पुणेकराचा तुटकपणा नागपूरकराला झोंबतो, मालवणी माणूस सर्वांनाच फटकळ वाटतो आणि मुंबईकराला तर थांबून दोन शब्द बोलायलाही वेळ नसतो. पु. ल. देशपांडे यांनी मुंबईकर, पुणेकर आणि नागपूरकर यांच्या तऱ्हांवर लिहिले आणि मराठी वाचक मनमुराद हसला. परंतु उतारवयात गाव सोडून मुलाच्या शहरी राहावे लागते, किंवा परमुलखातून आलेली मदतनीस आपल्या उशाशी रात्रपाळीला बसते, तेव्हा ही गोष्ट हसण्यावारी नेता येत नाही.

असे समजा की, पक्षाघातातून सावरणाऱ्या एखाद्या आजी मध्यरात्री लघवीला जाण्यासाठी मदतनीस बाईंना हाक मारतात. ‘काय झालं आता?’ असे उत्तर येते. बाईंच्या गावी ही साधी विचारपूस असते. आजींच्या कानांना मात्र ते अंगावर वसकन येणे वाटते. दुसऱ्या रात्री आजी हाक मारीत नाहीत. त्या संध्याकाळनंतर पाणी पिणेच टाळतात, किंवा अंधारात एकट्याच उठतात. ओल्या फरशीवर पाय घसरून खुब्याचे हाड मोडण्यास एवढे निमित्त पुरते. म्हणूनच, माणसे उद्धट का वाटतात हे समजून घेणे हा शुश्रूषेचाच भाग आहे.

आदराची मापे वेगळी

आपल्याकडे अनेक घरांत वडिलांना ‘अहो’ आणि आईला ‘अगं’ म्हणतात. आईविषयीचा आदर उणा असतो म्हणून नव्हे, तर जवळीक अधिक असते म्हणून. पंढरीच्या विठ्ठलालाही भक्त ‘तू’च म्हणतो. खेड्यापाड्यांतील कित्येक घरांत आजी-आजोबांनाही एकेरीच हाक मारली जाते. अशा घरातून आलेली मुलगी ‘आजी, तू गोळी घे गं’ म्हणते, तेव्हा ती आपल्याला घरच्या माणसात गणत असते. ज्यांना आयुष्यभर ‘तुम्ही’ ऐकण्याची सवय आहे, त्यांच्या मनाला मात्र ते ‘तू’ टोचते.

गैरसमज उलट दिशेनेही होतो. मराठीत ‘तुम्ही’ आदरार्थी आहे. हिंदीत ‘तुम’ बरोबरीच्या वा धाकट्या माणसासाठी वापरतात, आदरासाठी ‘आप’ लागते. आपण ‘तुम्ही’चे सरळ ‘तुम’ करतो आणि उत्तरेकडून आलेल्या परिचारिकेला वाटते की, हे लोक किती तुच्छतेने बोलतात! आपल्या मनात अनादराचा लवलेशही नसतो. तरी तिचे मन दुखावलेले असते.

पेनेलोपी ब्राउन आणि स्टीफन लेव्हिन्सन या अभ्यासकांनी इंग्रजी, तमिळ आणि मेक्सिकोतील त्सेल्ताल या तीन भाषांच्या आधारे सौजन्याचा विचार मांडला. त्यांच्या मते सौजन्याच्या दोन वाटा असतात. एक वाट जवळ जाण्याची: चौकशी करावी, आग्रह करावा, थट्टा करावी. दुसरी वाट अंतर राखण्याची: न विचारता कुणाच्या आयुष्यात डोकावू नये, कुणाला अडचणीत टाकू नये. या दृष्टीने पाहिले की पुष्कळ कोडी सुटतात. मालवणी माणसाची मायेची शिवी किंवा कोल्हापुरी मोकळेपणा ही पहिली वाट होय. ‘दुपारी एक ते चार घंटी वाजवू नये’ ही पुणेरी पाटी दुसऱ्या वाटेवरची आहे. पहिल्या वाटेवरचा माणूस दुसऱ्याला आगाऊ वाटतो. दुसऱ्या वाटेवरचा पहिल्याला कोरडा वाटतो. दोघेही आपापल्या गावी सभ्यच असतात.

परदेशी मुलाकडे गेलेल्या ज्येष्ठांनाही हा अनुभव येतो. तिथे वाढलेली नातवंडे पाण्याच्या पेल्यालाही ‘थँक यू’ म्हणतात. आजी म्हणत नाहीत. कारण घरच्या माणसाचे आभार मानणे म्हणजे त्याला परके करणे, असा त्यांच्यावरचा संस्कार असतो. आजींचे मौन नातवंडांना रुक्ष वाटते आणि नातवंडांचा उपचार आजींना कृत्रिम वाटतो.

गर्दीचाही वाटा

महानगरातील माणूस तुटक का वागतो? मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिलग्रॅम यांनी 1970 मध्ये लिहिलेल्या लेखात असे म्हटले होते की, शहरात इतके चेहरे, इतके आवाज आणि इतक्या मागण्या मनावर आदळतात की प्रत्येकाकडे लक्ष देणे अशक्य होते. मग माणूस अनोळखी व्यक्तीसाठी थांबत नाही, नजर चुकवतो, बोलणे आखडते घेतो. पुढे रॉबर्ट लेव्हिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील 36 शहरांची तुलना केली. वस्ती जितकी दाट, तितकी अनोळखी माणसाला मिळणारी मदत सामान्यतः कमी, असे त्यांना आढळले. तेव्हा इमारतीतील शेजारी उद्वाहनात बोलत नाही, याचा अर्थ त्याला आपण नकोसे आहोत असा नव्हे. पुष्कळदा आपण स्वतः दोनदा नाव घेऊन बोललो की तोच शेजारी औषधे आणून देतो.

कानांचा दोष

वयोमानाने ऐकू कमी येऊ लागते तेव्हा सहसा उंच स्वर आधी हरवतात. ‘स’, ‘श’, ‘फ’, ‘थ’ यांसारखे वर्ण नीट कळत नाहीत. आवाज पोहोचतो, शब्द निसटतात. त्यात बोली अनोळखी असली की अर्थ अधिकच धूसर होतो. समोरची व्यक्ती मग आवाज चढवते आणि चढलेला आवाज रागासारखा भासतो. शुश्रूषा करणाऱ्यांनी ओरडू नये. समोर बसून, चेहरा उजेडात ठेवून, दूरचित्रवाणी बंद करून, सावकाश बोलावे. ज्येष्ठांनीही श्रवणतपासणी पुढे ढकलू नये.

उद्धटपणा नवा असेल तर

बोलीचा खरखरीतपणा जन्मभराचा असतो. परंतु मृदू स्वभावाचे आजोबा दोन-चार दिवसांत एकाएकी तुसडे झाले, शिव्या देऊ लागले, गोंधळल्यासारखे बोलू लागले, तर तो स्वभाव न मानता लक्षण मानावे. लघवीचा संसर्ग, वेदना, बद्धकोष्ठ, शरीरातील पाण्याची कमतरता, रक्तातील साखर उतरणे किंवा नव्याने सुरू केलेले औषध यांमुळे असे होऊ शकते. अशा वेळी वैद्यकीय सल्ला त्वरित घ्यावा. हाच बदल काही महिन्यांत हळूहळू झाला असेल तरीही तपासणी करावी. स्मृतिभ्रंशाच्या एका प्रकारात स्मरणशक्ती बरीचशी शाबूत असतानाच वागण्यातील संकोच नाहीसा होतो.

आपण काय करावे?

नवी मदतनीस घरी आली की पहिल्याच दिवशी परस्परांना विचारावे, ‘तुम्हाला काय म्हणून हाक मारू?’ काका, आजी, ताई, मावशी, जे ठरेल तेच वापरावे. ‘ए, इकडे ये’ ही हाक तिलाही बोचते, हे विसरू नये. एखादा शब्द सलला तर तो मनात साठवू नये. एकांतात, शांतपणे, ‘आमच्याकडे याचा अर्थ असा होतो’ एवढेच सांगावे. घरातील ज्या सदस्याला दोन्ही बोली कळतात, त्याने दुभाष्याचे काम करावे. रात्री हाक मारण्याचा संकोच वाटत असेल, तर उशाशी घंटी ठेवावी.

आणि जिभेपेक्षा हात पाहावेत. गोळी वेळेवर मिळते का, कूस वेळेवर बदलली जाते का, जेवणाचा घास निगुतीने भरवला जातो का? हे सारे होत असेल, तर कडक शब्दांमागे माया आहे असे समजण्यास हरकत नाही. पण धमकावणे, उपाशी ठेवणे, पैसे काढून घेणे, जाणूनबुजून हिणवणे, हात उगारणे यांना ‘त्यांच्याकडची पद्धत’ म्हणून सोडून देऊ नये. या गोष्टी कोणत्याही मुलखात सभ्य मानल्या जात नाहीत. असे घडत असेल तर विश्वासातील माणसाला सांगावे किंवा ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या 14567 या राष्ट्रीय मदतवाहिनीवर संपर्क साधावा. हा क्रमांक आजच मोठ्या अक्षरांत लिहून दूरध्वनीजवळ लावून ठेवावा.