दिवाळीला लावलेला वॉलपेपर होळीपर्यंत का सुटतो?

ऑनलाइन मागवला, रील बघून लावला आणि चार महिन्यांत पलंगामागचा कोपरा सुटून लोंबायला लागला. आमच्याकडे हेच झालं. शिव्या गोंदाला घातल्या. कागद ओढून काढला तर मागे काळी बुरशी, आणि ती गोंदाखालच्या पुट्टीतही शिरलेली.

गडबड भिंतीत होती. भंडारा तलावांचा जिल्हा, मधून वाहते वैनगंगा, आणि पावसाळ्याचे चार महिने भिंती पाणी पितात. आपण मात्र घर सजवतो दिवाळीच्या तोंडावर, म्हणजे भिंत सगळ्यात ओली असताना. त्यात बाजारातले बरेच वॉलपेपर विनाइलचे, म्हणजे वर प्लॅस्टिकचा थर. आतली ओल बाहेर पडायला वाट नाही आणि गोंद हे बुरशीचं आवडतं खाद्य.

म्हणून आधी फुकटातली एक टेस्ट करा. फूटभर पारदर्शक प्लॅस्टिक घ्या, भिंतीवर चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा आणि २४ तास विसरून जा. भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले तर ओल भिंतीतूनच येतेय. खोलीकडच्या बाजूला जमले तर हवा दमट आहे. भिंतीतूनच ओल येत असेल तर आधी गच्ची, पाइप, बाथरूमची मागची बाजू बघा. ती गळती बंद होऊन भिंत वाळेपर्यंत बाकी सगळा खर्च पाण्यात.

नवीन प्लास्टर असेल तर किमान महिनाभर वाळू द्या. मिस्त्री 'आठ दिवसांत होऊन जाईल' म्हणेल. ऐकू नका.

आता घासकाम. सुटलेले पोपडे पत्र्याने खरवडून काढा. जुना चुना किंवा स्वस्त डिस्टेंपर असेल तर ओला हात फिरवा. हात पांढरा झाला तर तो थर काढावाच लागेल, कारण कागद भिंतीला नाही, त्या भुकटीला चिकटणार आहे. देवघराजवळची काजळी आणि स्वयंपाकघराकडचा तेलकटपणा साबणाच्या पाण्याने धुवा. बुरशीवर पातळ केलेलं ब्लीच चालतं, पण खिडक्या उघड्या ठेवा आणि त्यात टॉयलेट क्लीनर चुकूनही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू तयार होतो.

जुन्या ऑइलपेंटच्या बाबतीत खरंच सांभाळा. भारतात घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या थरात शिसं जास्त असू शकतं. तो कोरडा घासला की धूळ उडते आणि लहान मुलांच्या पोटात जाते. वॉटरपेपर वापरून ओलं घासा, मास्क लावा, पोरांना तेवढे दिवस दुसऱ्या खोलीत ठेवा.

मग खड्डे आणि भेगांवर पुट्टी. एकच जाड थर नको, दोन पातळ द्या, मध्ये वाळू द्या. बारीक पॉलिशपेपर मारल्यावर मोबाइलचा टॉर्च भिंतीला चिकटवून तिरपा धरा. दिवसा न दिसणारा प्रत्येक उंचवटा दिसेल, आणि वॉलपेपरमधूनही तो तसाच दिसणार आहे.

यानंतर येतो प्रायमर, जो वाचवायचा मोह सगळ्यांनाच होतो. कोरी पुट्टी गोंदातलं पाणी शोषून घेते, गोंद पकडण्याआधीच सुकतो. प्रायमर ही शोषण्याची भूक बंद करतो. शिवाय उद्या कागद काढायचा झाला तर पुट्टीसकट निघत नाही. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनो, तुमचं डिपॉझिट इथे अडकलेलं असतं.

बोर्डच्या प्लेट काढण्याआधी मेन स्विच बंद करा. पहिली पट्टी ओळंब्याने सरळ रेघ मारूनच लावा, कारण आपल्या घरांचे कोपरे क्वचितच काटकोनात असतात.

वेळ कधीची? फेब्रुवारी-मार्च उत्तम. उन्हाळ्यातही भिंती कोरड्याच असतात, पण कूलर सुरू झाला की खोली दमट होते. त्यामुळे कूलरसमोरची भिंत वॉलपेपरसाठी निवडूच नका.

आणि ऑगस्ट २०२०च्या अखेरीस वैनगंगेचं पाणी ज्या घरांत शिरलं होतं, त्यांनी खालचे तीन-चार फूट नीट तपासा. दर पावसाळ्यानंतर तिथे पांढरी खारट भुकटी येत असेल तर विटांमधले क्षार अजून बाहेर पडताहेत. त्या भिंतीला साधा चुना लावा आणि वॉलपेपर समोरच्या भिंतीवर घ्या.